साठीला टेकलेले रॅपर

म्हातारे रॅपर पुन्हा स्टेजवर चढले की लोक हसतात. मला ते हसू खुपतं. रॅपची मुळं बघा. ११ ऑगस्ट १९७३ला ब्रॉन्क्समध्ये सिंडी कॅम्पबेलनं शाळेच्या नव्या कपड्यांपुरते पैसे जमवायला पार्टी ठेवली. हातानं लिहिलेली आमंत्रणं. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तिचा भाऊ कूल हर्क याच्याकडे दोन टर्नटेबलं. पुढं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तो एकीवरचा ड्रमचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू करी. त्या लांबवलेल्या ठेक्यावरच रॅप वाढलं. हसायचंच तर कसं? १९९३च्या ‘फिअर ऑफ अ ब्लॅक हॅट’ या सिनेमानं खोट्या माहितीपटाचं सोंग घेऊन रॅपरांची मनसोक्त टिंगल केली, पण मायेनं. त्या पार्टीनंतर बरोबर पन्नास वर्षांनी, ११ ऑगस्ट २०२३ला यँकी स्टेडियममध्ये रन-डीएमसी हे साठीला टेकलेले रॅपर उतरले, तेही ब्रॉन्क्समध्येच. मोबाइलवर बघताना माझी बोटं टेबलावर ठेका धरून होती.