सनद, मक्ता आणि परवाना : दूरध्वनीच्या अधिकाराची कुळकथा



स्मृतिव्याख्यानात वक्त्याने आपल्या विषयाचे कुंपण ओलांडू नये, असा एक संकेत आहे. मी आयुष्यभर मराठी शिकवीत आलो आणि आजचा विषय वरवर पाहता कायद्याचा आहे : देशभर दूरध्वनी चालविण्याचा अधिकार कोणी, कोणाला आणि कोणत्या रीतीने दिला? तथापि या प्रश्नाच्या मुळाशी आपल्या भाषेतले तीन शब्द बसलेले आहेत : सनद, मक्ता आणि परवाना. तिन्ही फारसी-अरबी वळणाचे, तिन्ही पेशवाईच्या दप्तरात मुरलेले. म्हणून हे धाडस फारसे कुंपणाबाहेरचे ठरू नये.

सनद म्हणजे राज्यकर्त्याने उघडपणे, पुढच्या पिढ्यांनी वाचावी अशा बेताने लिहून दिलेला हक्क. मक्ता म्हणजे ठरावीक रकमेवर ठराविक मुदतीसाठी उचललेले उत्पन्नाचे काम. परवाना म्हणजे नुसती अनुज्ञा. देणाऱ्याच्या मर्जीवर मिळणारी आणि त्याच मर्जीवर जाणारी. यांपैकी मक्त्याला 'दारी' जोडून मराठीने 'मक्तेदारी' हा शब्द घडविला आणि एकाच्या हाती एकवटलेल्या अनिर्बंध अधिकारासाठी तो वापरला. मक्त्याचा शेवट कशात होतो हे मराठी माणसाला अनुभवाने ठाऊक होते, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती सर्वांत चढी बोली करणाऱ्याच्या पदरात पडू लागल्या, तेव्हा बोली भरून काढण्याचा भार अखेर रयतेवर आला. नाना फडणिसांच्या वेळची कमाविसदारांवरची देखरेख तोवर लोपली होती.

आता सनदेकडे वळू. ईस्ट इंडिया कंपनी ही नफ्यासाठी निघालेली व्यापारी मंडळी. तिच्याविषयी प्रेमाने बोलण्याचे मला कारण नाही. परंतु तिचा अधिकार इंग्लंडच्या पार्लमेंटने दिलेल्या सनदेवर उभा होता आणि त्या सनदेला मुदत होती. १७९३, १८१३, १८३३, १८५३ अशी दर वीस वर्षांनी ती पार्लमेंटपुढे येई आणि कंपनीच्या कारभाराची झडती होई. १८१३ च्या नूतनीकरणात या देशातील विद्येसाठी वर्षाला निदान १ लाख रुपये बाजूस काढण्याची तरतूद झाली. आपण ज्या आवारात बसलो आहोत तशा शाळांच्या वंशावळीत ते कलम येते. पुढे १८५३ ची मुदत जवळ येताच १८५२ साली मुंबईत जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी प्रभृतींनी बॉम्बे असोसिएशन स्थापन केली आणि पार्लमेंटकडे अर्ज धाडला. लोकांचा आवाज तेव्हा क्षीण होता, पण तो उमटण्याला एक ठरलेले वर्ष होते. विधिमंडळाने दिलेल्या सनदेचे मर्म मला या ठरलेल्या वर्षात दिसते. धनी चांगला असो वा वाईट, त्याला अमुक साली सर्वांसमक्ष उभे राहावे लागणार, ही गोष्ट लिहिलेली असते.

दूरध्वनीच्या बाबतीत असे वर्ष आपल्या देशात कधी उगवलेच नाही. ते कसे, हे पाहण्यासाठी तारयंत्रापासून आरंभ करावा लागेल.

तार या देशात आली ती सरकारच्याच हातून. ओशॉनेसी या डॉक्टरने कलकत्ता ते डायमंड हार्बर या मार्गावर केलेला प्रयोग १८५१ मध्ये उपयोगात आला आणि १८५४ साली तारेसंबंधीचा पहिला कायदा झाला. इंग्लंडातील क्रम उलटा. तेथे तारा खाजगी कंपन्यांच्या होत्या. १८६८ आणि १८६९ च्या कायद्यांनी त्या टपाल खात्याकडे आल्या. इतक्यात टेलिफोन नावाचे नवे यंत्र जन्मले आणि प्रश्न पडला : तारेचा अनन्य अधिकार सरकारचा आहे खरा, पण टेलिफोन ही तार आहे काय? तारेवरून खुणा जातात, टेलिफोनमधून मनुष्याचा आवाज जातो. एडिसनच्या लंडनमधील कंपनीविरुद्ध सरकारने दावा लावला आणि १८८० च्या डिसेंबरात निकाल लागला की, कायद्याच्या दृष्टीने टेलिफोन ही तारच होय. कायदा झाला तेव्हा हे यंत्र अस्तित्वात नव्हते, याने न्यायाधीशांना अडचण वाटली नाही. निकालपत्र वाचणारे न्यायमूर्ती होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. त्याच्या काही वर्षे आधी व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेमंत्री असणारे आणि १८७२ चा आपला पुराव्याचा कायदा रचणारे तेच हे गृहस्थ. शब्दाचा अर्थ किती ताणावा, याचा निर्णय कोट्यवधी लोकांच्या व्यवहाराला कसा वळण देतो, याचे याहून चांगले उदाहरण भाषेच्या प्राध्यापकाला सापडणार नाही.

हिंदुस्थानातही हाच वाद त्याच वर्षी उभा राहिला. १८८० मध्ये दोन इंग्रजी कंपन्यांनी येथे टेलिफोनची केंद्रे उघडण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. हा आमचा अधिकार, हे काम आम्हीच करू, असे उत्तर दिले. वर्षभरात मत पालटले. १८८१ साली ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना मिळाला आणि २८ जानेवारी १८८२ रोजी मेजर बेअरिंग यांनी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील केंद्रे सुरू झाल्याचे जाहीर केले. कलकत्त्याच्या केंद्राला आरंभी ९३ ग्राहक होते. मुंबईचे काम पुढे बॉम्बे टेलिफोन कंपनीकडे गेले. नकार आणि होकार दोन्ही सचिवालयातच झाले. यात कोठे कायदेमंडळात चर्चा झाली नाही.

त्यानंतर १८८५ चा तेरावा कायदा आला, तोच इंडियन टेलिग्राफ ॲक्ट. त्याच्या चौथ्या कलमात सारे सामावले आहे. पूर्वार्ध म्हणतो, तारा उभारण्याचा, राखण्याचा आणि चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारचा. उत्तरार्ध म्हणतो, सरकारला योग्य वाटतील त्या अटींवर आणि त्या मोबदल्यात ते कोणालाही परवाना देऊ शकेल. कोणाला, किती मुदतीसाठी, कशा पद्धतीने निवडून, याविषयी कलम मूक आहे. पहिल्या वाक्याने मक्तेदारी निर्माण केली आणि दुसऱ्याने ती वाटण्याची किल्ली कारभाऱ्यांच्या कमरेला बांधली. कायदा करणारे मंडळ तरी कोणते? गव्हर्नर जनरलचे, त्यात एकही निवडून आलेला सभासद नव्हता. रावसाहेब मंडलिकांसारखे मोजके एतद्देशीय त्यावर नेमले जात, एवढेच. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईस काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले आणि कायदेमंडळात लोकनियुक्त सभासद असावेत ही मागणी तेथे झाली. मागणी डिसेंबरची, कायदा जुलैचा.

धारवाडकरांना करारावर चाललेल्या कारभाराचे आणखी एक उदाहरण घराजवळ होते. मळमड्डीला लागून असलेल्या स्थानकावर ज्या सदर्न मराठा रेल्वेच्या गाड्या येत, ती १८८२ ची कंपनी लंडनच्या भारतमंत्र्यांशी झालेल्या करारावर चाले. तिची मुख्य कचेरी धारवाडातच होती. पुढे त्याच इमारतीत कर्नाटक कॉलेज आले. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे त्या नोकरीपायी येथे आले आणि येथलेच झाले. मराठी मळमड्डीच्या वस्तीला त्या कराराचा असा हातभार आहे. पण कराराची कलमे ठरविताना या भागातल्या कोणाला विचारले गेले नव्हते.

मधला साठ-सत्तर वर्षांचा काळ मी झपाट्याने ओलांडतो. १९१२ च्या आरंभी इंग्लंडात नॅशनल टेलिफोन कंपनी टपाल खात्यात विलीन झाली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या कंपन्या १९४३ मध्ये आपल्या सरकारने घेतल्या. घटनेच्या सातव्या परिशिष्टात टपाल, तार, टेलिफोन हे विषय संघसूचीच्या ३१ व्या नोंदीत गेले. म्हणून १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, शिक्षकांचे पगारपत्रक बदलले, शाळांची भाषा हा वादाचा विषय झाला, परंतु तारऑफिसच्या खिडकीवर काही फरक पडला नाही. त्या खिडकीवर तार आली की घरात रडारड सुरू व्हायची, ती वाचण्यापूर्वीच! फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहणारे आणि ट्रंककॉल लावून तासन् तास बसणारे या सभागृहात पुष्कळ असतील.

१ एप्रिल १९८६ पासून मुंबई व दिल्लीचे टेलिफोन महानगर टेलिफोन निगमकडे आले. निगम सरकारचेच, आणि त्याला परवाना दिला सरकारनेच, तोही चौथ्या कलमाखाली. मुंबईच्या टेलिफोनचा प्रवास असा झाला : १८८२ मध्ये परकी कंपनीचा परवाना, १९४३ मध्ये सरकारी खाते, १९८६ मध्ये सरकारी कंपनीचा परवाना. कलम मात्र एकच.

खरी कसोटी १९९४ नंतर लागली. त्या वर्षीच्या मे महिन्यात राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर झाले. शंभर माणसांमागे देशात ०.८ टेलिफोन आणि जगाची सरासरी १०, हे त्यातच नमूद होते. खाजगी भांडवल आणावे लागेल या निष्कर्षाशी भांडण्यात अर्थ नव्हता. परंतु हा एवढा मोठा पालट संसदेने कायदा करून घडविला नाही. धोरण सभागृहापुढे ठेवण्यात आले आणि परवाने पुन्हा १८८५ च्या कलमाखाली निघाले. यास आक्षेप घेणारे सर्वोच्च न्यायालयात गेले. 'दिल्ली सायन्स फोरम' या खटल्यात १९९६ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने सांगितले की, खाजगी कंपन्यांना परवाने देण्यास चौथे कलम पुरेसे आहे आणि धोरणाचा बरेवाईटपणा जोखण्याची जागा संसद ही आहे. कायद्याच्या अंगाने निर्णय निर्दोष असेल. पण जेथे जोखावे असे न्यायालय म्हणाले, तेथे जोखण्याची सक्ती कोणत्याच कलमाने केलेली नव्हती.

पुढचे दुसऱ्या बाजीरावाच्या मामलतींसारखे झाले. १९९५ मधल्या बोली अशा चढल्या की, एका कंपनीने किती परिमंडळे घ्यावीत यावर सरकारला मागाहून मर्यादा घालावी लागली. रकमा भरता येईनात. अखेर १९९९ च्या नव्या धोरणाने ठरीव शुल्क सोडून उत्पन्नाच्या वाट्याची पद्धत आणली. ग्राहकाला स्वस्ताई मिळाली आणि फोन गावोगाव पोहोचला, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. तरी झालेला सौदा मागाहून कारभाऱ्यांनीच बदलला. १९९७ मध्ये नियामक प्राधिकरण आले, पण परवाना देण्याची किल्ली सरकारकडेच राहिली. २००८ च्या जानेवारीत 'प्रथम येईल त्यास प्रथम' या रीतीने दिलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी रद्द केले. त्या प्रकरणातल्या फौजदारी खटल्यात २०१७ च्या डिसेंबरात विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले, हेही सांगितले पाहिजे. पुन्हा २०१९ मध्ये परवान्याच्या करारातील 'उत्पन्न' या एका शब्दाचा अर्थ लावता लावता कंपन्यांवर सुमारे ९२ हजार कोटी रुपयांचे देणे निघाले. स्टीफनसाहेबांच्या 'तारे'नंतरचा हा सर्वांत महाग शब्दार्थ असावा.

या साऱ्यात फोनचे बिल भरणारा कोठे होता? करार सरकार आणि कंपनी यांच्यात, तो तिऱ्हाईत. १९५७ साली कायद्यात घातलेल्या ७-ब या कलमाने बिलाची तक्रार सरकारनियुक्त लवादाकडे जाई. त्या आधारे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक मंचाचे दार त्याला बंद केले. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ते उघडले. तेरा वर्षे देशातला ग्राहक एका कलमाच्या अर्थावर ताटकळत राहिला.

म्हणून विधिमंडळाकडूनच सनद घ्यावी, तीच सर्व रोगांवर मात्रा, असे मी म्हणत नाही. फिलिपाईन्समध्ये तशीच रीत आहे. तेथील मोठ्या टेलिफोन कंपनीला १९२८ मध्ये विधिमंडळाने कायदा करून ५० वर्षांची सनद दिली. तेथल्या १९८७ च्या घटनेप्रमाणे अशी सनद ५० वर्षांहून अधिक मुदतीची नसावी, अनन्य नसावी आणि काँग्रेसला बदलता यावी. पण त्याच रीतीचा दुसरा पैलू २०२० मध्ये दिसला : एबीएस-सीबीएन या दूरचित्रवाणी कंपनीची मुदत संपली, प्रतिनिधिगृहाच्या समितीने नवी सनद नाकारली आणि एक मोठी वाहिनी प्रक्षेपणातून गेली. त्यात राजकीय राग होता, असे पुष्कळांचे मत आहे. फरक एवढाच की, राग धरणाऱ्या सभासदांना नावानिशी मत द्यावे लागले आणि ते नोंदले गेले.

आपल्याकडे १८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा झाला. १८ डिसेंबरला विधेयक लोकसभेत मांडले, २० ला तेथे आणि २१ ला राज्यसभेत संमत झाले. त्या आठवड्यात विरोधी पक्षांचे शंभराहून अधिक खासदार निलंबित होते. एकशे अडतीस वर्षांनी आलेली संधी चार दिवसांत उरकली, याची हळहळ वाटते. परंतु त्या कायद्यात एक नवे पाऊलही आहे. परवान्याऐवजी त्यात 'प्राधिकरण', म्हणजे अधिकारपत्र आहे आणि त्याच्या अटी सरकारने नियमांनी ठरवायच्या आहेत. नियम संसदेपुढे ठेवावे लागतात. खाजगी करार ठेवावा लागत नसे. लिलावाशिवाय स्पेक्ट्रम कोणत्या कामांसाठी द्यावा, याची यादीही कायद्याच्याच परिशिष्टात आली आहे. १८८५ मध्ये जे कलम मूक होते, ते थोडे बोलू लागले आहे.

२०२४ च्या सप्टेंबरात नियामक प्राधिकरणाने शिफारस केली की, इतःपर करार नकोत, नियमांवर आधारलेली अधिकारपत्रे असावीत. यावर सर्वांत मोठा विरोध दूरध्वनी कंपन्यांच्या संघटनेने केला. करार दोघांच्या संमतीवाचून बदलत नाही, नियम एकतर्फी बदलता येतो, असे त्यांचे म्हणणे. १८८१ पासून ज्या करारावर सरकार आणि कंपनी यांच्याच सह्या होत्या, तो सुटू नये म्हणून कंपन्या तेव्हा भांडल्या. ग्राहकांनी त्याच कामी काय मागावे, याचा मसुदा अद्याप कोणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही.