उजेडावरून रंगाचा अंदाज
* व्हिडिओतल्या प्रत्येक चित्राची माहिती ल्युमा म्हणजे उजेड आणि क्रोमा म्हणजे रंग अशी वेगवेगळी साठवतात. चित्राच्या छोट्या तुकड्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, उजेड बदलला, की रंगाचे आकडेही बहुधा त्याच प्रमाणात बदलतात. म्हणून आधी उलगडलेल्या ल्युमाला एका आकड्याने गुणून त्यात दुसरा मिळवला, की क्रोमाचा अंदाज हाती येतो.

हे दोन आकडे काढणे चिपला महाग पडते. शेजारच्या सगळ्या नमुन्यांवरून किमान वर्ग पद्धतीने ते काढायचे, तर प्रत्येक ब्लॉकमागे ढीगभर गुणाकार, बेरजा आणि शेवटी भागाकार करावा लागतो. २०१३च्या एचईव्हीसी या व्हिडिओ मानकाच्या पहिल्या आवृत्तीत ही युक्ती चाचण्या होऊनही आली नाही.

२०२०च्या व्हीव्हीसीने, म्हणजेच एच.२६६ने, वाट सोपी केली. शेजारचे फार तर चार नमुने घ्यायचे. दोन उजळ नमुन्यांची एक सरासरी, दोन अंधाऱ्यांची दुसरी, आणि त्या दोन बिंदूंतून सरळ रेषा. भागाकाराची जागा १६ नोंदींच्या तयार कोष्टकाने घेतली.

२०१८च्या एव्ही१ या मानकाचा मार्ग निराळा आहे. त्यात गुणक व्हिडिओ आवळणारा एन्कोडरच शोधतो आणि व्हिडिओच्या माहितीबरोबर पाठवतो. त्यासाठी काही बिट खर्ची पडतात, पण व्हिडिओ उलगडणाऱ्या डीकोडरला तो हिशेब मांडावाच लागत नाही.

एक अडचण दोन्हीकडे उरते : ब्लॉकचा ल्युमा उलगडेपर्यंत त्याच्या क्रोमाचा असा अंदाज बांधता येत नाही. – संपादक