कारागिराचा प्रयोग आणि राजाश्रय

ज्ञातीच्या स्मरणिकेत आपण दरवर्षी पूर्वजांच्या हस्तकौशल्याची वर्णने वाचतो. देवळांचे सभामंडप, वाड्यांचे कोरीव खांब, रथ, मोटेची चाके, नांगर आणि तिफणी यांचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. परंतु कौशल्य आणि शोध या दोन वस्तू भिन्न आहेत. जे येते ते उत्तम रीतीने करणे हे कौशल्य. जे अद्यापि कोणासच साधलेले नाही ते करून पाहणे हा शोध. कौशल्याला मजुरी मिळते. शोधाला आरंभी काहीच मिळत नाही, उलट घरातले जाते. दहा प्रयोग फसावेत तेव्हा अकरावा साधतो. त्या फसलेल्या दहांचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न प्रत्येक कारखानदार कुटुंबापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. सरकारने तो भार अंशतः उचलावा ही कल्पना कोठून आली, कशी वाढली आणि तिचा आपणांस काय उपयोग, एवढेच येथे संक्षेपाने सांगण्याचे योजिले आहे.

या इतिहासाच्या आरंभी एक सुतार उभा आहे, हे वाचून ज्ञातिबांधवांस संतोष होईल. १७०७ साली सिली बेटांजवळ इंग्लंडच्या आरमाराची जहाजे खडकांवर आपटून हजाराहून अधिक खलाशी बुडाले. समुद्रात आपण पूर्वपश्चिम नेमके कोठे आहोत, म्हणजेच रेखांश कोणता, हे ओळखण्याचे खात्रीचे साधन त्या काळी नव्हते. १७१४ साली तेथील पार्लमेंटाने कायदा करून, अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्यास २०,००० पौंडांचे बक्षीस लावले. या बक्षिसाची कथा पुष्कळांस ठाऊक असते; पण त्याच कायद्यातील दुसरे कलम आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. होतकरू कल्पना प्रयोगात उतरविण्यासाठी २,००० पौंडांपर्यंत रक्कम आगाऊ देण्याचा अधिकार त्या मंडळास दिला होता. बक्षीस हे यशाचे मोल होय. ही आगाऊ रक्कम मात्र प्रयत्नाचे मोल होती.

जॉन हॅरिसन हा यॉर्कशायरमधील सुताराचा मुलगा, १६९३ सालचा जन्म, स्वतःही सुतारकाम करणारा. लाकडी चाकांची घड्याळे बनविता बनविता तो जहाजावर न चुकणाऱ्या घड्याळाच्या नादी लागला. लंडनचा नामांकित घड्याळजी जॉर्ज ग्रॅहम याने त्यास बिनव्याजी पैसे दिले. १७३५ साली पहिले यंत्र पुरे झाले, १७३६ साली ते लिस्बनच्या सफरीवर गेले, आणि १७३७ साली मंडळाने पुढील यंत्रासाठी ५०० पौंड मंजूर केले. पुढेही मंडळाने वेळोवेळी रकमा दिल्या. तिसऱ्या यंत्रावर तर त्याची सुमारे एकोणीस वर्षे खर्ची पडली आणि ते यंत्र कसोटीस उतरले नाही. आजच्या एखाद्या हिशेबनीसाने ते बुडीत खाती टाकले असते. परंतु त्या अपयशातून मिळालेले ज्ञान घेऊन १७५९ साली त्याने चौथे, तळहाताएवढे घड्याळ सिद्ध केले. १७६१-६२ च्या जमेकाच्या सफरीत ते ८१ दिवसांत केवळ ५ सेकंद चुकले. तरीही बक्षीस सुखासुखी मिळाले नाही. मंडळातील काही ज्योतिर्विदांचा कल चंद्राच्या वेधांवरून रेखांश काढण्याच्या पद्धतीकडे होता. अखेर राजा तिसरा जॉर्ज याने लक्ष घातल्यावर १७७३ साली पार्लमेंटाने त्यास आणखी ८,७५० पौंड दिले. त्या वेळी तो ऐंशी वर्षांचा होता. तीन वर्षांनी तो निवर्तला. राजाश्रयाने प्रयोग जगतो, परंतु परीक्षक प्रतिपक्षाचे असतील तर तो रखडतो, हे दोन्ही धडे या एका आयुष्यात आहेत.

आपल्या महाराष्ट्रातही राजाश्रयाचे उदाहरण आहे. बेळगावी सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर बनवू लागले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे ते नांगर दीर्घकाळ विकलेच गेले नाहीत. बेळगावची जागा सोडावी लागली असता औंध संस्थानच्या अधिपतींनी त्यांस जमीन व कर्जाऊ भांडवल दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुसरीकडे, लोकांकडून एकेक पैसा गोळा करणाऱ्या अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावी काचेचा कारखाना निघाला. एकीकडे संस्थानिक आणि दुसरीकडे सर्वसाधारण जनता असे दोन आश्रयदाते त्या दोन वर्षांत आपणांस दिसतात.

आधुनिक काळात या कल्पनेस पक्के कायदेशीर रूप अमेरिकेने दिले. तेथील संशोधनाचा सरकारी पैसा मोठ्या कंपन्या व विद्यापीठे यांच्याकडेच वाहत असे. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानातील रोलंड टिबेट्स नामक अधिकाऱ्याने १९७७ च्या सुमारास केवळ लहान उद्योगांसाठी टप्प्याटप्प्याने अनुदान देण्याची योजना चालविली. तिच्या यशावरून २२ जुलै १९८२ रोजी अध्यक्ष रेगन यांनी लहान उद्योगांच्या नवसंशोधनाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. ज्या सरकारी खात्याचा बाहेरून करून घ्यावयाच्या संशोधनाचा खर्च १० कोटी डॉलरांहून अधिक, त्याने आरंभी ०.२ टक्के आणि क्रमाने १.२५ टक्के रक्कम लहान उद्योगांसाठी राखलीच पाहिजे, असा हा नियम. पुढे हा वाटा १९९७ पर्यंत २.५ टक्के आणि २०१७ पर्यंत ३.२ टक्के झाला. विद्यापीठांनी प्रारंभी या कायद्यास विरोध केला होता, कारण वाटा त्यांच्या ताटातून जाणार होता.

योजनेची रचना मोठी शहाणपणाची होती. पहिल्या टप्प्यात थोडी रक्कम, सुमारे सहा महिन्यांसाठी, ती कल्पना मुळात शक्य आहे काय एवढे पाहण्यास. दुसऱ्यात मोठी रक्कम, सुमारे दोन वर्षांसाठी, नमुना सिद्ध करण्यास. तिसऱ्यात या निधीतील काहीच नाही, माल बाजारात उद्योजकाने स्वबळावर न्यावा. सरकार कंपनीत भागीदारी मागत नसे आणि रक्कम परतही घेत नसे. क्वालकॉम व सिमॅन्टेक या पुढे जगभर पसरलेल्या कंपन्यांना बाल्यावस्थेत हे अनुदान लाभले होते. दोषही दिसून आले: माल बाजारात न नेता केवळ एकामागून एक अनुदानांवर पोट भरणाऱ्या कंपन्या निर्माण झाल्या. शिवाय हा कायदा मुदतीचा असे. ३० सप्टेंबर २०२५ रोजी त्याची मुदत नूतनीकरणावाचून संपली. राजाश्रय हा वतनी हक्क नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

भारतात १९४२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि १९५० साली पुण्याची राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा स्थापन झाली. प्रयोगशाळांतील शोध कारखान्यांत नेण्यासाठी १९५३ साली राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ निघाले. शोध सरकारी प्रयोगशाळेत लागेल आणि कारखानदार तो विकत घेईल, अशी त्या पिढीची धारणा होती. कारखानदार स्वतःच शोध लावील, ही धारणा हळूहळू रुजली. परदेशी तंत्रज्ञानाच्या आयातीवरील उपकराच्या आधारे १९९६ साली तंत्रज्ञान विकास मंडळ उभे राहिले. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली काविळीची स्वदेशी लस बाजारात आणली, तिला या मंडळाचे साहाय्य होते. २००५ साली जैवतंत्रज्ञान विभागाने लहान उद्योगांसाठी दोन टप्प्यांची योजना काढली. तिचे नाव व रचना दोन्ही अमेरिकन योजनेची आठवण देतात. २०१२ साली ‘बायरॅक’ ही संस्था स्थापन झाली व नवख्या शोधकास ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळण्याची सोय झाली. तिच्या सहयोगी संस्थांत पुण्याच्या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटर आहे. २०१८ साली संरक्षण खात्याने ‘आयडेक्स’ योजना काढून दीड कोटीपर्यंत अनुदान देऊ केले, मात्र तितकाच वाटा उद्योजकाने घालावा अशी अट ठेवली.

आता आपल्या घरचा विचार. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत सुतार, लोहार आदी अठरा व्यवसायांना अवजारांसाठी १५,००० रुपये आणि तीन लाखांपर्यंत कर्ज देऊ करण्यात आले. तिची माहिती आपल्या घरोघरी पोहोचली, हे चांगलेच झाले. परंतु ती अवजारांची मदत होय, प्रयोगाची नव्हे. प्रयोगासाठी ठेवलेल्या निधीकडे आपली कुटुंबे फारशी वळलेली आमच्या पाहण्यात नाहीत. याची कारणे उघड आहेत. अर्ज बहुधा इंग्रजीत. कित्येक ठिकाणी नोंदणीकृत कंपनी लागते. प्रयोगाची लेखी टिपणे लागतात, आणि आपले ज्ञान तर हातात असते, वहीत नसते. म्हणून लेथवर नवे जोडकाम बसविणारा मुलगा घर गहाण ठेवतो किंवा प्रयोग सोडून नोकरी धरतो. या दोन्हींत ज्ञातीची हानीच आहे.

यास्तव आमची सूचना अशी. ज्ञातीच्या विद्यावृत्तीप्रमाणेच एक लहान प्रयोगनिधी असावा; तो मोठा नसला तरी चालेल, पैसाफंडही पैशानेच सुरू झाला. ज्यांना सरकारी अनुदानासोबत स्वतःचा वाटा घालणे जड जाते, त्यांस त्यातून उसनवार मिळावी. आपल्यातील अभियंते, हिशेबतपासनीस व इंग्रजी लिहिण्यात निष्णात अशा मुलामुलींनी अर्ज तयार करण्याचे काम स्वयंस्फूर्तीने अंगावर घ्यावे. आणि प्रत्येक कारखान्यात एक वही असावी. तीत काय केले, किती तारखेस केले व का फसले, याची नोंद व्हावी. मंडळाच्या परीक्षकांपुढे हॅरिसनला आपली बाजू मांडता आली ती यंत्रांच्या बळावर, पण त्याने आराखडे व स्पष्टीकरणे लिहून दिली, म्हणून इतरांना त्याच्या घड्याळाची प्रत करता आली. आपल्या पूर्वजांचे कितीक शोध न लिहिल्यामुळे त्यांच्याबरोबरच गेले असतील. पुढील पिढीविषयी तसे म्हणण्याची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.