गिरणीच्या भोंग्याच्या अंतरावर : मुंबईतील एका भाड्याच्या खोलीचा इतिहास

१/१०
मुंबईत भाड्याचे घर शोधणारा आज पहिला प्रश्न विचारतो, ‘स्टेशन किती मिनिटांवर?’ शंभर वर्षांपूर्वी लालबाग-परळमध्येही प्रश्न हाच होता. फक्त स्टेशनाच्या जागी गिरणीचे फाटक होते. या अंतराची किंमत कोणी आणि कशी मोजली, त्याचा हा इतिहास.

२/१०
१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला उत्पादन सुरू झाले. पुढील काही दशकांत भायखळा, लालबाग, परळ या पट्ट्यात गिरण्यांची धुराडी उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांसाठी त्यांच्या सावलीत चाळी वाढल्या. एक खोली, समोर सामायिक गॅलरी आणि सामायिक नळ व संडास, हेच येथील बिऱ्हाड.

३/१०
फाटकाजवळ राहणे ही हौस नव्हती. बदली कामगाराला रोज पहाटे फाटकावर हजर राहावे लागे. काम मिळणे न मिळणे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हाती असे. नोकरीची खबर, गाववाल्यांची ओळख आणि संपाच्या दिवसांत वाण्याकडची उधारी हे सारे वस्तीतच मिळे. भाडे खोलीचे असले, तरी खरी किंमत या सान्निध्याची होती.

४/१०
म्हणूनच गर्दी सोसली गेली. एकटे पुरुष अनेकांनी मिळून एक गाळा भाड्याने घेत, पाळीनुसार आळीपाळीने झोपत आणि शेजारच्या बाईच्या खानावळीत जेवत. कुटुंबेही भाड्याला हातभार म्हणून पोटभाडेकरू ठेवीत.

५/१०
१८९६ च्या प्लेगने या दाटीचे भीषण रूप उघड केले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पण आरंभीच्या काळात त्याने जितकी घरे पाडली, तितकी उभारली नाहीत. विस्थापित माणसे दूर न जाता शेजारच्याच चाळींत शिरली आणि दाटी आणखी वाढली.

६/१०
१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच ‘बीडीडी’, स्थापन झाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे त्याने काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. घरटंचाई असूनही वरळीतील पुष्कळ खोल्या पहिली काही वर्षे रिकाम्या राहिल्या. भाडे परवडत नव्हते, आणि गिरणी व बाजार दूर पडत होते. सरकारने भिंती बांधल्या, पण अंतर मिटवता आले नाही.

७/१०
पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा आला. त्याहून दूरगामी ठरला १९४७ चा कायदा. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हा त्याने ‘प्रमाण भाड्या’चा आधार मानला. भाडेकरूला मनमानी पद्धतीने काढता येईना आणि त्याच्यामागे सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाऊ लागला. महागाई वाढत गेली. भाडे जवळजवळ जागच्या जागी राहिले.

८/१०
दाबलेली किंमत दुसऱ्या वाटेने बाहेर आली. खोली हातबदल करताना एकरकमी ‘पागडी’ घेतली जाऊ लागली. ती बेकायदा होती, तरीही सर्रास चाले. महिन्याचे भाडे नाममात्र, पण भाडेपावतीवरचे नाव लाखमोलाचे, असा विलक्षण व्यवहार रूढ झाला. दुसरीकडे, अशा उत्पन्नात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. चाळी कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने उपकर लावून दुरुस्तीसाठी मंडळ नेमले.

९/१०
१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. फाटके गेली, पण फाटकाजवळची जागा शहराच्या मध्यभागी होती. तिचा भाव आता कार्यालये आणि टॉवर ठरवू लागले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी अवाजवी झाल्याचे म्हटले. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली आणि पागडीला मान्यताही दिली.

१०/१०
या कायद्याचा निवाडा एका वाक्यात करता येत नाही. ज्या तरतुदीने भिंतींना तडे जाऊ दिले, तिनेच गिरणी कामगाराच्या नातवाला परळमध्ये राहू दिले; बाजारभावाने ते त्याला कधीच शक्य झाले नसते. आज बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर दिले जात आहे. मात्र या वस्तीत आज नव्याने कामाला येणाऱ्या माणसाच्या हाती जुनी भाडेपावती नाही. कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न त्याच्यापुरता पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.