सुवाह्य वैद्यकीय उपकरणे : सातारा व सांगली जिल्हे

हातात धरून, खिशात ठेवून किंवा पिशवीतून नेऊन रुग्ण असेल त्या जागी वापरता येणाऱ्या निदान, नोंदणी व संपर्काच्या साधनांना सुवाह्य वैद्यकीय उपकरणे म्हणतात. ज्वरमापक, स्टेथॉस्कोप व रक्तदाबमापक ही त्यांची जुनी, तर रक्तशर्करामापक, पल्स ऑक्सिमीटर, सुवाह्य सोनोग्राफी यंत्र व भ्रमणध्वनी ही अलीकडची उदाहरणे होत. या उपकरणांमुळे निदानाची जागा रुग्णालयाकडून रुग्णाच्या घराकडे सरकली. तथापि जे साधन सहज नेता येते, ते सहज लपविताही येते. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या अलीकडच्या इतिहासात या दोन्ही बाजू ठळकपणे दिसून येतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये छातीतील आवाज ऐकण्यासाठी प्रथम कागदाची गुंडाळी व नंतर लाकडी नळी वापरली, तिच्यापासून स्टेथॉस्कोप विकसित झाला. ब्रिटिश वैद्य टॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी १८६६ च्या सुमारास सु. १५ सेंमी. लांबीचा ज्वरमापक तयार केला. तत्पूर्वीचे ज्वरमापक सु. ३० सेंमी. लांब असून त्यांना तपमान दाखविण्यास बराच वेळ लागे. वैद्याच्या पिशवीत मावेल असे साधन तयार झाल्यानेच ताप मोजणे ही नित्याची बाब बनली. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व मांडले, तर १९७३ मध्ये अमेरिकेत मार्टिन कूपर यांनी हातातील भ्रमणध्वनीवरून पहिला संवाद साधला. भारतात भ्रमणध्वनी सेवेस १९९५ मध्ये प्रारंभ झाला.

सातारा-सांगली परिसर : कृष्णा, कोयना व वारणा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश होय. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे करण्यात आले. मिरज येथे विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन रुग्णालयामुळे हे नगर दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक यांचे वैद्यकीय केंद्र बनले. तेथे १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मात्र नगरांतील या सोयी पाटण, जावळी व महाबळेश्वर तालुक्यांतील डोंगरी वाड्यांपासून, तसेच जत व आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांपासून दूर राहिल्या. रुग्णापर्यंत नेता येणाऱ्या साधनांचे महत्त्व येथे विशेष असण्याचे हे एक कारण होय.

सुवाह्य सोनोग्राफी यंत्र : श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने गर्भाचे चित्रण करण्याची पद्धती इअन डॉनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगो येथे विकसित केली, त्यांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रारंभीची यंत्रे अवजड होती. पुढे ती मोटारीतून नेण्याइतकी आटोपशीर झाली आणि १९९९ मध्ये सु. २.५ किग्रॅ. वजनाचे, हातात धरता येणारे यंत्र अमेरिकेत बाजारात आले. रणभूमीवर व अपघातस्थळी अंतर्गत रक्तस्राव ओळखावा, हा त्यामागील एक हेतू होता. गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा, वार खाली असणे यांसारख्या जीवघेण्या अवस्थांचे निदान करण्यासही असे यंत्र उपयुक्त ठरते.

पश्चिम महाराष्ट्रात मात्र या तंत्राला वेगळेच वळण लागले. जनगणनेनुसार ० ते ६ वर्षे वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण १९९१ मध्ये सातारा जिल्ह्यात ९४१ व सांगली जिल्ह्यात ९२४ होते. २००१ मध्ये ते अनुक्रमे ८७८ व ८५१ पर्यंत घसरले. त्याच वर्षी संपूर्ण राज्याचे प्रमाण ९१३ होते. दोन्ही जिल्हे शिक्षण, सहकार व बागायती शेती यांत अग्रेसर असल्याने ही घसरण दारिद्र्यातून किंवा अज्ञानातून झाली, असे म्हणता येत नाही. लहान कुटुंबाचा स्वीकार झाला. परंतु त्या लहान कुटुंबात मुलगा हवाच, ही अपेक्षा कायम राहिली. जमिनीचा वारसा व हुंडा यांविषयीच्या कल्पनांनी तिला बळ दिले आणि यंत्राने ती पुरी करण्याचे साधन पुरविले. येथे एक कालक्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे : ही घसरण हातातील यंत्र येण्यापूर्वीच सुरू झाली होती. त्यामुळे तिचा सर्व दोष त्या यंत्राला देता येत नाही. गुन्हा गावापर्यंत नेणे व पुरावा नाहीसा करणे मात्र त्याने अधिक सोपे केले.

कायदा व त्याची अंमलबजावणी : गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून अंमलात आला. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. त्यानंतर कायद्यात दुरुस्ती होऊन ती फेब्रुवारी २००३ पासून लागू झाली. सातारा येथील दलित महिला विकास मंडळाच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी ‘लेक लाडकी अभियान’ चालवून गरोदर स्त्रियांच्या सहकार्याने बेकायदा तपासण्या उघडकीस आणल्या. त्यांना २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण जोडण्यात आले. त्यास आव्हान देणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली.

२०१२ मधील नियमदुरुस्तीने सुवाह्य यंत्राच्या वापरास दोनच मार्ग ठेवले : नोंदणीकृत जागेच्या आत, तेथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. म्हणजे ज्या गुणासाठी यंत्र निर्माण झाले, त्या गुणावरच कायद्याने बंधन घातले. दुर्गम भागातील अत्यवस्थ रुग्णाजवळ यंत्र नेता येत नाही, ही या नियमाची किंमत होय. परंतु मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे, गर्भपातानंतर एका विवाहितेचा मृत्यू झाल्यावर केलेल्या तपासात पुरलेले १९ भ्रूण आढळले, तेव्हा ही किंमत का मोजावी लागते, हे स्पष्ट झाले. त्या प्रकरणाचे धागे सीमेपलीकडे कर्नाटकापर्यंत गेले. राज्याच्या सीमेवरील भागात केवळ एका जिल्ह्याची दक्षता अपुरी पडते, हेही त्यातून दिसून आले. २०११ च्या जनगणनेत मुलींचे प्रमाण सातारा जिल्ह्यात ८९५ व सांगली जिल्ह्यात ८६७ इतके झाले. ही सुधारणा असली, तरी १९९१ ची पातळी गाठली गेली नव्हती.

भ्रमणध्वनी व ग्रामीण आरोग्यसेविका : राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००५ पासून ‘आशा’ स्वयंसेविकांची योजना सुरू झाली. गरोदर माता व बालके यांची नावनिशीवार संगणकीय नोंद ठेवण्याची राष्ट्रीय पद्धती २००९ च्या अखेरीस, तर क्षयरुग्णांच्या नोंदीची ‘निक्षय’ ही प्रणाली २०१२ मध्ये आली. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. वहीतील नोंद अशा रीतीने क्रमाक्रमाने भ्रमणध्वनीत गेली. या बदलाचा भार मुख्यतः मानधनावर काम करणाऱ्या स्त्रियांवर पडला. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले भ्रमणध्वनी संच आंदोलन करून परत केले. संचांची अपुरी स्मृतिक्षमता, वारंवार होणारे बिघाड व ‘पोषण ट्रॅकर’ या प्रणालीतील इंग्रजीचा वापर या त्यांच्या प्रमुख तक्रारी होत्या. नोंद करणारीस जी भाषा अवगत नाही, त्या भाषेतील नोंद बिनचूक असेल, असे मानणे अवघड आहे.

कोविड-१९ साथ : मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे परदेशातून परतलेल्या एका कुटुंबात रुग्ण आढळले व थोड्याच दिवसांत रुग्णसंख्या पंचविसाच्या आसपास गेली. राज्यातील आरंभीच्या मोठ्या रुग्णसमूहांत त्याची गणना होते. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व दूरध्वनीवरून सल्ला देण्यास निश्चित चौकट मिळाली. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या राज्यव्यापी मोहिमेत पथके अवरक्त तापमापक व पल्स ऑक्सिमीटर घेऊन घरोघर गेली. रक्तातील ऑक्सिजन-संपृक्तता ९५ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्यांना पुढील तपासणीसाठी पाठविण्यात येई. वरकरणी श्वासाचा त्रास नसलेल्या रुग्णाचाही धोका या छोट्या चिमट्याने वेळीच ओळखता आला.

पल्स ऑक्सिमीटर बोटातून तांबडा व अवरक्त प्रकाश पाठवून त्यांच्या शोषणातील फरकावरून ऑक्सिजनचे प्रमाण ठरवितो. थंड बोटे, नखांवरील रंग किंवा गडद मेंदी यांमुळे वाचन चुकू शकते. काळ्या वर्णाच्या रुग्णांत ऑक्सिजनची कमतरता या उपकरणाच्या नजरेतून अधिक वेळा निसटते, असे अमेरिकेतील संशोधनात २०२० मध्ये दिसून आले. भारतीय रुग्णांच्या दृष्टीने ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. आकडा आणि रुग्णाची अवस्था यांचा मेळ बसत नसल्यास रुग्णाच्या अवस्थेस प्राधान्य देणे इष्ट ठरते.

मूल्यमापन : २०२१ मध्ये देशव्यापी अंकीय आरोग्य अभियान सुरू झाले व २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. रुग्णाची माहिती आता सेविकेच्या हातातील संचात सामावते. तिची गुप्तता राखणे ही जबाबदारीही त्यामुळे वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांचा अनुभव असा, की उपकरण लहान झाल्याने प्रश्न लहान होत नाही. एकाच तंत्राने गरोदर स्त्रीचा जीव वाचविता येतो व जन्मापूर्वीच मुलगी नाकारताही येते. या दोहोंतील निवड यंत्र करीत नाही. ती ते हाताळणारा वैद्य, तपासणीची मागणी करणारे कुटुंब आणि दोघांवर लक्ष ठेवणारा समाज करीत असतो.