लसीपर्यंत कोणी न्यायचे?

साठी ओलांडलेल्या माणसांच्या दंडावर किंवा मनगटाच्या वर नाण्याएवढे, जरा खोलगट असे व्रण दिसतात. वर्गातील मुलांना घरच्या आजी-आजोबांचे हे व्रण पाहायला सांगावे आणि ते कशाचे आहेत हे विचारून यायला सांगावे. ‘देवी काढल्या होत्या,’ असे उत्तर बहुतेक मुले घेऊन येतील. आपल्या भाषेची ही एक गंमत आहे. रोग झाला की ‘देवी आल्या’ म्हणायचे आणि त्या रोगाविरुद्धची लस टोचली की ‘देवी काढल्या’ म्हणायचे.

याच वेळी मुलांना दुसराही एक प्रश्न द्यावा. तुम्हाला त्या दिवशी तिथे नेले कोणी? पाठ्यपुस्तकात लस शोधणाऱ्याचे नाव असते. टोचून घेणाऱ्याचा हात धरून त्याला नेणाऱ्याचे नसते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या निमित्ताने आम्ही या दुसऱ्या प्रश्नाचा थोडा मागोवा घेणार आहोत. हे दोन्ही जिल्हे मुळात एकमेकांत मिसळलेले. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हा भाग जुन्या सातारा जिल्ह्यातला, तर सांगली, मिरज, जत ही संस्थाने. १९४९ साली उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले.

देवीची लस भारतात पोचली ती माणसाच्या दंडावरून. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस यशस्वी ठरली. तिच्या दंडावरच्या फोडातील द्रव काढून पुढची मुले टोचली, त्यांच्या फोडांतून आणखी पुढची, आणि अशी साखळी करत लस मुंबईबाहेर पडली. बर्फपेटी नाही, शीतकपाट नाही. लस जिवंत ठेवण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे माणसामागून माणूस. यामुळे टोचलेल्या मुलाला आठव्या दिवशी परत आणावे लागे आणि त्याचा पिकलेला फोड दुसऱ्याच्या मुलासाठी फोडू द्यावा लागे.

आईबाप आठव्या दिवशी मूल लपवून ठेवीत, अशी तक्रार त्या काळचे अधिकारी वारंवार करीत आणि तिला ‘अंधश्रद्धा’ असे नाव देऊन मोकळे होत. आम्हाला हे नाव पुरेसे वाटत नाही. मूल आधीच तापलेले, हात सुजलेला, कामाचा दिवस बुडालेला, आणि त्यात एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या द्रवाबरोबर उपदंशासारखा रोग जाण्याचा धोका खराच होता. भीतीला कारण होते. मग वासराच्या अंगावर वाढवलेली लस आली, तेव्हा यातले पुष्कळसे आक्षेप आपोआप गळून पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी अशी लस तयार करणारी संस्था आपल्याला जवळच, बेळगावला उभी राहिली. दरम्यान १८९२ सालच्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांत जिथे तो लागू केला तिथे मुलांना टोचणे सक्तीचे झाले होते. म्हणजे आक्षेपाचे कारण दूर होण्याची वाट न पाहता आधी सक्ती आली. हा क्रम पुढेही दिसतो.

पुढे म्हणजे प्लेगात. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुढील काही वर्षांत सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड या पट्ट्याने त्याचा मोठा मार खाल्ला. गावे ओस पाडून लोक माळावर झोपड्या घालून राहिले. या वेळी मात्र लस विलक्षण वेगाने तयार झाली होती. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ती तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली.

यानंतर दीडेक महिन्याने, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगाने गेल्या. त्यांचे जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यातले. पुण्याजवळ मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन हडपसरजवळ आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचवले. मुलगा वाचला, त्या वाचल्या नाहीत. लस तेव्हा मुंबईत होती. मुंढव्याच्या महारवाड्यापर्यंत तिचा रस्ता नव्हता. जो रस्ता होता तो एका सहासष्ट वर्षांच्या बाईच्या पाठीवरून गेला.

त्याच वर्षी पुण्यात गोऱ्या शिपायांकडून घरे झडत होती. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या तो याच संतापातून. सरकारची प्रत्येक गोष्ट संशयाने पाहिली जाऊ लागली आणि लसही त्यातून सुटली नाही. असे असताना हाफकिन यांनी पुराव्याचा मार्ग धरला. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना टोचले आणि निम्म्यांना तसेच ठेवले. ज्या घरांत पुढे प्लेग आला, तेथील न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला व २६ दगावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना रोग झाला व ३ दगावले. ही आकडेमोड आठवी-नववीच्या वर्गात जरूर करून घ्यावी. न टोचलेल्यांत शंभरी सुमारे ४१ मृत्यू, टोचलेल्यांत सुमारे ४. एकच घर, एकच पाणी, एकच हवा, म्हणून तुलना खरी. आणि तरीही टोचलेले तिघे गेले, हेही त्यात लपवलेले नाही. निम्म्यांना वंचित ठेवणे न्याय्य होते का, हा प्रश्न मुलेच विचारतील. तो टाळू नये.

सगळे याच रीतीने चालले असते तर बरे झाले असते. पण पुष्कळ ठिकाणी टोचल्याचा दाखला दाखवणाऱ्याला विलगीकरणाच्या छावणीतून आणि प्रवासबंदीतून सूट मिळे; म्हणजे निर्णय माणसाचा, पण दुसऱ्या हाताने कान पिळलेला. शिवाय ही लस टोचल्यावर एक-दोन दिवस चांगलाच ताप येई. पगारी नोकराला तो सोसता येई; रोजावर जाणाऱ्या बाईला त्या तापाची किंमत दोन दिवसांची भाकरी अशी मोजावी लागे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दूषित लस एका बाटलीतली होती. दोषाचा ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसला जायला १९०७ साल उजाडले. मधल्या पाच वर्षांत बातमी गावोगाव फिरली असणार. खुलासा तितका फिरत नाही.

स्वातंत्र्यानंतरचा काळ आम्ही झपाट्याने ओलांडतो, पण तिथे थांबण्यासारखी एक वस्तू आहे. देवी टोचण्यासाठी पूर्वी आपल्याकडे दातेरी, गोल फिरवायचे एक हत्यार वापरीत. ते कातड्यावर टेकवून पिळले की मूल किंचाळे, जखम चिघळे आणि पुढच्या वर्षी लस टोचणारा गावात आला की मुले ज्वारीच्या शेतात पळत. १९७०च्या सुमारास त्या जागी दोन टोकांची बारीक सुई आली. तिच्या दोन टोकांत मावणारा थेंब आणि पंधरा हलके टोचे, एवढेच काम. दुखणे कमी, लसही पूर्वीच्या चौथाईत भागे. पळणाऱ्या मुलांचे प्रबोधन करण्यापेक्षा सुई बदलणे अधिक उपयोगी पडले, असे आम्हाला वाटते.

या शेवटच्या मोहिमेत शाळांना एक वेगळे काम होते. आरोग्यसेवक देवीच्या रुग्णाचे चित्र असलेले कार्ड घेऊन वर्गात येत आणि असा माणूस कुठे पाहिला का, असे मुलांना विचारीत. घरातली मोठी माणसे जे लपवीत ते मुले सांगून टाकीत. २४ मे १९७५ रोजी आसामातील करीमगंज येथे देशातील शेवटचा रुग्ण सापडला.

शाळेशी थेट संबंध आलेली अलीकडची मोहीम गोवर-रुबेलाची. महाराष्ट्रात ती २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील मुलांना शाळाशाळांतून लस दिली गेली. पालकांच्या शंकांना उत्तरे देण्याचे काम तेव्हा शिक्षकांवरच आले होते. त्या वेळी फार बोलली न गेलेली एक बाजू इथे मांडतो. गोवर-रुबेलाची लस जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूंची असते. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या, अवयव बदललेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या मुलाला ती सहसा देता येत नाही. अशा मुलाचे संरक्षण त्याच्या दंडात नसते. ते बाकावर शेजारी बसणाऱ्यांच्या दंडात असते. गोवर इतक्या सहज पसरतो, की त्याची साखळी तुटायला शंभरातील सुमारे ९५ जण सुरक्षित असावे लागतात. दुबळ्या मित्राला मदत करायची म्हणजे कधी कधी त्याला काहीच न सांगता स्वतः टोचून घ्यायचे.

आता कोविडकडे येऊ. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले. १ मार्चपासून साठीच्या पुढचे सर्व आणि ४५ ते ५९ वयाचे ठरावीक वीस व्याधी असलेले लोक पात्र झाले. पण या दुसऱ्या गटाला डॉक्टरचा दाखला हवा होता. म्हणजे जो जास्त आजारी त्याला आधी कागदासाठी हेलपाटा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साठा संपल्यामुळे सातारा आणि सांगली येथे लसीकरण थांबल्याचे राज्याच्या तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले. मन वळवून, गाडी ठरवून म्हाताऱ्या शेजाऱ्याला केंद्रावर न्यावे आणि दारावर ‘लस शिल्लक नाही’ अशी पाटी दिसावी, यासारखे नुकसान नाही. एकदा परत फिरलेला माणूस दुसऱ्यांदा निघायला फार वेळ घेतो.

१ मेपासून १८ वर्षांवरील लोक पात्र झाले आणि त्यांना सुरुवातीला संगणकावरून किंवा फोनवरून वेळ घेणे बंधनकारक होते. शहरात पटापट बोटे चालवणाऱ्या तरुणांनी जागा मिळवल्या. कोयनेच्या पाणलोटावरच्या वाडीत जिथे फोनला रेंज नाही, माण-खटावचा मेंढपाळ जो घाटाखाली कोकणात उतरलेला, जतच्या पूर्वेकडील गावातली बाई जी घरात कानडी बोलते, यांच्यासाठी ती रांग अदृश्य होती. नोंदणीचे संकेतस्थळ मराठी, कानडी आदी भाषांत जूनच्या आरंभी दिसू लागले. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मेच्या आदेशात या दरीकडे बोट दाखवले होते. त्याआधी आठवडाभर, २४ मे रोजी, सरकारी केंद्रांवर जागीच नोंदणी करण्याची मुभा मिळाली होती.

त्या वर्षीच्या सूचनांमध्ये एक तरतूद आम्हाला फार बोलकी वाटते. भटके, साधू, वृद्धाश्रमातील व मनोरुग्णालयातील लोक, कैदी अशा ओळखपत्र नसलेल्यांसाठी केंद्र सरकारने मेच्या आरंभी वेगळी कार्यपद्धती जाहीर केली. तिच्यात प्रत्येक गटासाठी एक सुलभक नेमायचा होता, म्हणजे स्वतःचे ओळखपत्र आणि फोन असलेला, या लोकांना ओळखणारा माणूस. सोबत्याशिवाय लस पोचत नाही हे सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणे आम्ही यापूर्वी वाचले नव्हते. मेच्या अखेरीस वृद्ध व अपंगांसाठी घराजवळची केंद्रे आली. अंथरुणाला खिळलेल्यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. ऑगस्टमध्ये मुंबईत त्यांना घरी जाऊन लस देणे सुरू झाले आणि २३ सप्टेंबरला देशभरासाठी तशी सूचना निघाली. नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’ मोहीम सुरू झाली. सर्वात अशक्त माणसाच्या दारात लस पोचायला मोहीम सुरू झाल्यापासून आठ-दहा महिने लागले.

या सगळ्या काळात गावात वही घेऊन हिंडल्या त्या आशा स्वयंसेविका. २००५ नंतर साधारण हजार वस्तीमागे एक, त्याच गावात राहणारी बाई नेमण्याची पद्धत आली. कोणाच्या घरी मधुमेही आहे, कोण सुनेच्या परवानगीशिवाय बाहेर पडत नाही, कोणाचा मुलगा लसीनंतर आठ दिवसांनी दुसऱ्याच कारणाने गेला आणि म्हणून सगळी आळी बिथरली आहे, हे तिला ठाऊक असते.

शिक्षकाकडे कोणी ‘घेऊ की नको’ असे विचारत आले, तर ‘का नको वाटते’ एवढेच आधी विचारावे आणि ऐकून घ्यावे. उत्तर बहुधा शास्त्राचे नसतेच: रजा मिळत नाही, एकटीला जायची भीती वाटते, मागच्या वेळी चक्कर आली होती. रजेचे आणि सोबतीचे उत्तर आपल्या हातात असते. चक्कर, ॲलर्जी, गरोदरपण, चालू औषधे यांचे उत्तर डॉक्टरकडे असते. औषधांची चिठ्ठी घेऊन त्यांच्यासह जावे. दुष्परिणाम विचारले तर खरे सांगावे: ताप, अंगदुखी नेहमीची, गंभीर ॲलर्जी विरळा, आणि म्हणूनच अर्धा तास तिथे थांबवतात, कोविशिल्डच्या प्रकारच्या लसीनंतर रक्ताच्या गुठळ्यांचा अतिविरळा विकार २०२१ सालीच जगात नोंदला गेला. हे ऐकूनही नको म्हणाली तर तिचा नकार ऐकून घ्यावा आणि महिन्याने पुन्हा चहाला जावे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णा-वारणेच्या काठी येतात. त्यांची काही मुले चार-पाच महिने आपल्या शाळेच्या पटावर येतात. आल्या आठवड्यात आईकडे लसीचे कार्ड मागावे. बहुतेकदा ते गावाकडच्या पेटीत राहिलेले असते. मग उपकेंद्रातील लसीकरणाचा दिवस विचारून ठेवावा आणि त्या दिवशी मुकादमाला सांगून तिला फडातून लवकर सोडवून आणावे.