नेपाळ प्रवास : यात्रा, पदभ्रमण आणि गिर्यारोहणाचे नियम

भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. या एका सवलतीमुळे नेपाळ हा परदेश आहे, हे पुष्कळ यात्रेकरूंच्या ध्यानातच राहत नाही. प्रत्यक्षात ओळखीची कागदपत्रे, चलन, वाहन, संरक्षित प्रदेश, पदभ्रमण आणि शिखरचढाई या प्रत्येक बाबतीत नेपाळचे स्वतःचे नियम आहेत आणि बहुतेकांना शुल्कही आहे. या नोंदीत ते जळगाव जिल्ह्यातील सावदा, फैजपूर, वरणगाव, भुसावळ या केळीच्या पट्ट्यातून निघणारा प्रवासी डोळ्यांसमोर ठेवून दिले आहेत. त्याची वाट ठरलेली असते. भुसावळ जंक्शनवरून कुशीनगर किंवा काशी एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर सोनौली, आणि सीमेवरची कमान ओलांडली की पलीकडे लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, मनकामना, पशुपतिनाथ.

याच वाटेने गेलेल्या जळगाव जिल्ह्यातील यात्रेकरूंची बस २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे येताना तनहुँ जिल्ह्यात आइनापहरा येथे रस्ता सोडून मर्स्याङ्दी नदीच्या पात्राकडे कोसळली. बस गोरखपूरची होती. तिच्यासोबत आणखी दोन गाड्या होत्या आणि तिन्ही मिळून शंभरावर यात्रेकरू निघाले होते. अपघातात २७ जणांचा मृत्यू झाला. वरणगाव, दर्यापूर, तळवेल आणि भुसावळ परिसरातील घरेच्या घरे त्यात उजाड झाली. दुसऱ्या दिवशी भारतीय हवाई दलाच्या सी-१३० जे विमानाने भरतपूरहून २५ पार्थिव नाशिकला आणले आणि तिथून ते रस्त्याने गावोगाव पोहोचले.

त्याच पावसाळ्यात, १२ जुलैच्या पहाटे, चितवन जिल्ह्यातील सिमलताल येथे दरड कोसळून दोन प्रवासी बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. हे घडले तो महामार्ग काठमांडूकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्याही रोजच्या वापरातला. महादेवाच्या दर्शनाला श्रावण उत्तम मानला जातो आणि नेमक्या त्याच महिन्यात नेपाळचे डोंगररस्ते सर्वांत धोक्याचे असतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दरडी कोसळतात, रस्त्याच्या कडा खचतात, नद्या फुगतात. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले खरे प्रवासाचे महिने. या बाबतीत परवान्याची सक्ती नसली, तरी यात्रेची तारीख ठरवणाऱ्याने पंचांगाइतकाच पाऊसही पाहावा.

व्हिसामाफीचे मूळ ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ शांतता व मैत्री कराराशी जोडलेले आहे. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहणे, मालमत्ता घेणे, व्यापार आणि ये-जा करणे यांत परस्पर सवलती दिल्या. व्हिसा नाही याचा अर्थ कागद नाही असा मात्र नव्हे. विमानाने जाणाऱ्या प्रौढ भारतीयाकडे वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असावे लागते. आधार कार्ड प्रवासाचा कागद म्हणून चालते ते १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनाच. पंधरा ते अठरा या वयातील मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळखपत्र ग्राह्य धरतात.

रस्त्याने जाताना ही तपासणी सैल असते, आणि अडचण तिथेच सुरू होते. चाळीस-पन्नास वर्षांचा माणूस खिशात फक्त आधार कार्ड घेऊन सोनौली सहज ओलांडतो. काठमांडूत आजारी पडून त्याला विमानाने परत यावे लागले, तर विमानतळावर तेच कार्ड कामाचे राहत नाही. मग काठमांडूतील भारतीय दूतावासात जाऊन परतीच्या प्रवासापुरता दाखला मिळवणे आले. मतदार ओळखपत्र बहुतेकांच्या घरी असते, पण ते कपाटातच राहते. यात्रा नेणाऱ्याने निघण्यापूर्वी प्रत्येकाचे हे कार्ड हातात घेऊन पाहिले आणि त्याची एक प्रत गावात कुणाकडे तरी ठेवली, तर संकटात ओळख पटवण्याचे कामही हलके होते.

भारतीय क्रमांकाच्या वाहनाला सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे सीमाशुल्क भरून नेपाळमध्ये राहण्याच्या दिवसांची पावती घ्यावी लागते. मुदत उलटली तर दंड होतो. प्रवासी बसला याशिवाय नेपाळच्या वाहतूक खात्याचा मार्गपरवाना लागतो. या सगळ्या पावत्या चालक-मालकाच्या हाती असतात. यात्रेकरू त्या मागत नाहीत, कारण मागण्याची रीत नाही. खरे तर डोंगरात एकच चालक किती तास गाडी चालवणार, दुसरा चालक सोबत आहे का, रात्री गाडी थांबणार की नाही, हे पैसे भरण्याआधीच विचारण्याचा हक्क प्रत्येक यात्रेकरूला आहे. पंगत कुठे होणार आणि मुक्काम धर्मशाळेत की हॉटेलात, याची चौकशी आपल्याकडे बारकाईने होते. चालकाबद्दलची तशी होत नाही, आणि ती व्हायला हवी.

चलनाचा विनिमयदर सोपा आहे. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने १०० रुपयांहून मोठ्या भारतीय नोटा बाळगण्यावर बंदी घातली. ती सैल करण्याच्या दिशेने अलीकडे हालचाल झाली असल्याने निघण्याच्या आठवड्यात ताजी स्थिती पाहणे आवश्यक आहे. शंभराच्या नोटा मात्र बिनदिक्कत चालतात. मार्च २०२४ पासून नेपाळमधील ‘फोनपे’च्या (Fonepay) क्यूआर कोडवर भारतीय पर्यटकांना यूपीआयने पैसे देता येतात, पण डोंगरातल्या गावी रोख रक्कमच कामी येते. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते, हे गाडी-विमान गाठणाऱ्याने विसरू नये. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात केवळ हिंदूंना प्रवेश आहे. चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात आणि आत छायाचित्रण चालत नाही.

यात्रेतला सर्वांत कठीण टप्पा मुक्तिनाथाचा. हे स्थान मुस्ताङ जिल्ह्यात ३,७०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. पोखरा सुमारे ८२० मीटरवर, जोमसोम २,७०० मीटरच्या आसपास. सातपुड्यातील अस्तंभ्याची यात्रा पायी करणारा खानदेशी माणूस चढाला घाबरत नाही, पण अस्तंभा १,३०० मीटरच्या आसपासच संपतो. मुक्तिनाथाची हवा वेगळी आहे. पूर्वी तिथे दिवसेंदिवस चालत जात, त्यामुळे शरीराला विरळ हवेची सवय होत असे. आता रस्ता झाल्याने जीप आणि बस एक-दोन दिवसांत थेट वर नेतात. डोके ठणकणे, मळमळ, झोप न लागणे, चालताना तोल जाणे, ही उंचीच्या आजाराची लक्षणे आहेत. उपवास, कमी पाणी, वय, मधुमेह किंवा हृदयविकार यांची त्यात भर पडली की प्रकृती झपाट्याने ढासळू शकते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरहून अधिक उंच नेऊ नये, असा वैद्यकीय संकेत आहे. याचा साधा अर्थ असा, की जोमसोमजवळ एक मुक्काम करावा, वर दर्शन घ्यावे आणि झोपायला पुन्हा खाली यावे. लक्षणे वाढू लागली तर ताबडतोब खाली उतरणे हाच खरा उपाय. औषधे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. मंदिराच्या १०८ धारांखाली भर थंडीत स्नान करण्याचा आग्रह ज्येष्ठांना धरू नये, असे सांगणारा एक तरी माणूस गटात असावा.

मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येते. गाडीने जाणाऱ्या यात्रेकरूलाही त्या क्षेत्राचा प्रवेशपरवाना लागतो. सार्क देशांच्या नागरिकांना तो १,००० नेपाळी रुपयांना मिळतो, तर इतर परदेशीयांना ३,००० रुपये भरावे लागतात. पोखरा-जोमसोम विमानसेवेने वेळ वाचतो, पण ती पूर्णपणे हवामानाच्या लहरीवर चालते. २९ मे २०२२ रोजी या मार्गावर तारा एअरचे विमान कोसळून त्यातील सर्व २२ जण दगावले. त्यांत ठाण्याच्या एका कुटुंबातील चौघे होते. उड्डाण रद्द झाले तर वैमानिकाचा निर्णय मुकाट्याने मानावा, आणि त्यासाठी परतीच्या रेल्वे तिकिटाआधी एक-दोन दिवस मोकळे राखावेत.

पायी हिंडणाऱ्यांसाठी नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून नियम कडक केले. ठरलेल्या पदभ्रमण-मार्गांवर परदेशी व्यक्तीने परवानाधारक वाटाड्या सोबत घेणे आणि नोंदणीकृत संस्थेमार्फत टिम्स कार्ड, म्हणजे पदभ्रमण करणाऱ्याचे नोंदणीपत्र, काढणे बंधनकारक झाले. भारतीय या नियमापुरते परदेशीच आहेत. सार्क नागरिकाला कार्डाचे १,००० नेपाळी रुपये पडतात. एव्हरेस्टच्या तळछावणीकडे जाणाऱ्या खुम्बू भागात टिम्सऐवजी तेथील पासाङ ल्हामू गाउँपालिकेचा परवाना आणि सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशपत्र चालते. अप्पर मुस्ताङ, डोल्पो, मनास्लू यांसारख्या प्रतिबंधित भागांसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो आणि तो नोंदणीकृत संस्थेमार्फतच मिळतो. ड्रोन उडवण्यासाठी पूर्वपरवानगी सक्तीची आहे. सह्याद्रीत चार मित्र जमले की किल्ला गाठायचा, या सवयीला इथे जागा नाही, आणि ते योग्यच आहे. वाट चुकलेल्याला शोधण्यासाठी गावकऱ्यांना स्वतःचा जीव पणाला लावावा लागतो.

शिखरचढाईचे नियम याहून कितीतरी काटेकोर आहेत. मोठ्या शिखरांचे परवाने पर्यटन विभाग देतो, तर आयलंड पीक, मेरा अशा तुलनेने कमी उंचीच्या काही शिखरांचे परवाने नेपाळ पर्वतारोहण संघाकडे असतात. एव्हरेस्टच्या वसंत हंगामातील परवाना पूर्वी ११,००० अमेरिकन डॉलरना मिळे. १ सप्टेंबर २०२५ पासून तो १५,००० डॉलर झाला. सार्क नागरिकांना इथे सूट नाही. परवान्याची मुदत ७५ दिवसांवरून ५५ दिवसांवर आली. ८,००० मीटरहून उंच शिखरांवर दर दोन गिर्यारोहकांमागे एक वाटाड्या हवा. प्रत्येक मोहिमेसोबत सरकारचा संपर्क अधिकारी असतो.

मराठी गिर्यारोहकांची या पर्वतांशी जवळीक जुनी आहे. सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले, आणि मे २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी ते शिखर गाठले. पुढे ल्होत्से, मकालू, धौलागिरी, मनास्लू, कांचनगंगा अशा मोहिमा संस्थेने एकामागून एक पार पाडल्या. याच राज्यातून एक खेदाचे प्रकरणही घडले. २०१६ मध्ये पुणे पोलिस दलातील एका जोडप्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला, प्रमाणपत्रही मिळवले. छायाचित्रे बनावट असल्याचे उघड झाल्यावर नेपाळने ते रद्द करून दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली.

नेपाळ सरकारच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये सुमारे ३ लाख १७ हजार भारतीय पर्यटक आले. ही गणती विमानाने उतरलेल्यांची आहे. सोनौली, रक्सौलमार्गे बसने जाणारे यात्रेकरू तीत धरलेलेच नाहीत. एव्हरेस्टवर चढणाऱ्याचे नाव, विमा, वाटाड्या, मुक्कामाचे दिवस, सारे सरकारदरबारी नोंदलेले असते, आणि बसमधल्या साठीच्या आजींची नोंद कुठेच नसते. म्हणून ती नोंद गटाने स्वतः करावी. प्रत्येकाचे नाव, रक्तगट, चालू औषधे, घरचा दूरध्वनी आणि गाडीचा क्रमांक यांची यादी गावात, आणि शक्य तर तहसील कार्यालयातही, देऊन ठेवावी. देशातील बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी परदेशातील उपचारांचा खर्च उचलत नाहीत. नेपाळपुरता प्रवास विमा वेगळा काढावा लागतो, आणि मुक्तिनाथाला जायचे असेल तर तो किती मीटर उंचीपर्यंत लागू आहे व त्यात हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरला आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.